तिसावा भाग

मास्तरांची गणितं चुकायची, पण नेहमी एकाच बाजूला. उत्तर कधी जास्त यायचं नाही. यायचं ते कमीच, आणि तेही किंचित. ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती त्यांच्या सुनेच्या, आणि तेव्हा परीक्षेला दहा दिवस उरले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पडदे शिवणाऱ्या एका कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं कापड बेतत होते, आणि त्या धंद्यात कात्री ज्याच्या हातात तो मास्तर. शाळेतली होती ती सून. ती सातवी-आठवीला गणित शिकवायची. "एका घरात एक मास्तर आणि एक बाई," मास्तरांची बायको आल्यागेल्याला सांगायची, "आणि शिकतंय कोण, तर मास्तर!"

त्रेपन्नाव्या वर्षी ही पाळी येण्याचं कारण असं. कारखान्यात बेतकामाचे प्रमुख होते थोरले मास्तर, ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांची जागा आपल्या मास्तरांना मिळणार हे सगळे धरूनच चालले होते. पण दोन वर्षांपूर्वीच मालकीणबाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शेड घ्यायचं ठरवलं. बेत इथे ठरणार आणि कापड तिथे कापलं जाणार. मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावून सरळ सांगितलं, "मास्तर, तुमच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हात काही नव्या शेडमध्ये पाठवता येत नाही. कागद पाठवता येतो. मला लिहिणारा माणूस हवा. दहावीचा दाखला आणा, जागा तुमची."

मास्तरांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या शिलाईच्या दुकानात बसायला सुरुवात केली होती. मालकीणबाईंशी बोलणं झाल्यावर त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं आणि बाकीचे विषय काढलेही. गणित दोनदा राहिलं. ही तिसरी खेप. या खेपेला राहिलं, तर एक तारखेला बाहेरचा माणूस येणार, आणि तो खडूने रेघ मारेल तिथे मास्तर कात्री चालवणार. त्यांना झोपेतसुद्धा ती परक्या हाताची रेघ दिसायची. घरात मात्र ते याबद्दल चकार शब्द काढत नसत.

अभ्यास रोज संध्याकाळी सहा ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एका बाजूला सून आणि मास्तर, दुसऱ्या बाजूला वाटाणे सोलत बायको.

"अर्धा एक्स अधिक एक तृतीयांश एक्स," सुनेने त्या मंगळवारी गणित घातलं.

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: चार छेद पाच एक्स.

"बाबा, पाच छेद सहा."

"पुस्तकात मागे तसं छापलंय. ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, तर मग हे काय लिहिलंत?"

"पुस्तक चुकलंय."

बायकोच्या हातातली शेंग हातातच राहिली. "ऐकलंस का गं? दोनदा नापास झालेला माणूस पुस्तकाला नापास करतोय!"

वर्गातल्या एखाद्या मुलीने असं उत्तर दिलं असतं, तर सुनेने पहिलं विचारलं असतं, का चुकलंय? पण सासऱ्याला खोदून विचारायला तिची जीभ रेटेना. मास्तरांनीही आपणहून सांगितलं नाही. गेल्या वर्षी लावलेल्या संध्याकाळच्या शिकवणीत त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं, तर तिथले सर हसले होते आणि सरांच्या मागून सगळा वर्ग.

"बरं, छेद समान कसे केलेत?" सुनेने वाट बदलली. "लसावि कुठे काढलाय?"

"तो कशाला काढायचा? एकशेवीस आहे ना."

"कसले एकशेवीस?"

"एक्स." मास्तरांनी हात फाकवून दाखवलं. "एक्स म्हणजे एक पन्हा. कापडाचा पन्हा एकशेवीस सेंटीमीटर. अर्धा साठ, तिसरा हिस्सा चाळीस, पाव तीस, आठवा पंधरा. सगळं कसं सरळ पडतं. टेपच समान करून देते, माझा छेद कुठे वेगळा आहे?"

"आणि सातवा भाग आला तर?"

"सातवा भाग कोण कापतं?"

"परीक्षेत येतो, बाबा."

"टेपवर सातवा भाग नाही," मास्तर ठामपणे म्हणाले. "ज्याला टेपवर जागा नाही, त्याला माझ्या टेबलावर जागा नाही."

सुनेने वही मिटली. तिला एका गोष्टीचं राहून राहून नवल वाटत होतं. तिच्या वर्गातली निम्मी मुलं एक्स आणि वाय एकत्र करून टाकायची. अर्धा एक्स अधिक एक तृतीयांश वाय म्हटलं की उत्तर ठोकून द्यायची पाच छेद सहा एक्सवाय. समजावून समजावून तिच्या नाकी नऊ यायचे. मास्तरांनी ही चूक एकदाही केली नव्हती. सजातीय पदं तेवढी एकत्र, बाकीची जागच्या जागी, हे त्यांना कुणी शिकवावंच लागलं नाही. जे अवघड ते यांना येतं आणि नुसती बेरीज तेवढी येत नाही. घोडं पेंड कुठे खातंय, हे तिला कळेना.

बुधवारी तिला एक तास मोकळा होता. शिक्षकांच्या खोलीत बसून तिने मास्तरांची चौदा गणितं ओळीने मांडली. एका रकान्यात त्यांचं उत्तर, दुसऱ्यात खरं उत्तर, तिसऱ्यात फरक. पाच छेद सहाच्या जागी चार छेद पाच: फरक एक छेद तीस. पुढचं गणित होतं पाऊण एक्स अधिक एक षष्ठांश एक्स. उत्तर हवं होतं अकरा छेद बारा, मास्तरांनी लिहिलं होतं त्रेपन्न छेद साठ. असला विचित्र अपूर्णांक कुणी उगाच लिहीत नाही. तिने वजाबाकी केली. फरक एक छेद तीस.

ती सरसावून बसली. तीन पदांच्या बेरजांमध्ये फरक दोन छेद तीस होता. चार पदांची दोन गणितं होती, दोन्हींत तीन छेद तीस. वजाबाक्या झाडून सगळ्या बरोबर.

माणूस चुकतो तेव्हा इतका शिस्तीत चुकत नाही. तिला एकशेवीस आठवलं. एकशेवीसचा तिसावा भाग म्हणजे चार. दर जोडामागे चार सेंटीमीटर कुठेतरी जात होते.

बुधवारी शाळा दुपारीच सुटायची. ती घरी न जाता थेट कारखान्यात गेली.

कारखान्याची खोली लांबट होती, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या. मधोमध बेतायचं टेबल, अकरा मीटरचं, कडेला पितळी पट्टीत आकडे ठोकलेले. कापड सरकू नये म्हणून त्यावर लोखंडी वजनं. भिंतीशी सहा शिलाई मशीन, आणि पहिल्या मशीनवर मावशी. त्या मास्तरांच्याही आधीपासून तिथे होत्या आणि कुणाचीच भीड ठेवत नसत. दारात सुनेला पाहून त्यांनी पायडल थांबवलं.

"मास्तर, शाळेतून बाई आल्यात हो! पालकांना बोलवायला आल्या असणार!"

सगळी खोली हसली. मास्तर कानामागचा खडू काढत पुढे आले. "काय गं, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, बाबा. मला एकच विचारायचंय." तिने कागद पुढे केला. "दर जोडामागे चार सेंटीमीटर कुठे जातात?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. त्यांनी तुकड्यांच्या ढिगातून दोन पट्टे ओढले, एक साठचा, एक चाळीसचा. दोन्ही समोरासमोर धरून कडा जुळवल्या. "दोन याचे, दोन त्याचे," असं म्हणून पट्टे मावशींकडे दिले. मशीन खडखडलं. मास्तरांनी जोडलेला पट्टा उलगडून पितळी पट्टीवर ठेवला.

"शंभर कुठे आहेत ते दाखव मला."

सून वाकली. शहाण्णव. तिने मनाशी भागाकार केला. एकशेवीसात शहाण्णव, म्हणजे चार छेद पाच.

ती शेजारच्या स्टुलावर बसली. "बाबा, तुमचं बरोबर आहे."

दोन वर्षांत गणिताच्या बाबतीत हे वाक्य मास्तरांनी प्रथमच ऐकलं. त्यांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बघ. मी म्हणत होतो ना! छापणाऱ्यांनी शिवण धरलीच नाही. आणि पुस्तक?"

"पुस्तकही बरोबर आहे."

"दोघंही बरोबर?" मास्तरांचा चेहरा पडला. "अगं, असं बोलून भांडणं मिटतात, गणितं नाहीत सुटत."

सुनेने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात हिरव्या कापडाचे दोन गठ्ठे होते. तिच्या डोळ्यांना दोन्ही एकसारखेच दिसत होते, पण मधे एक फळी आडवी लावलेली होती. "ते वेगळे का ठेवलेत?"

"वेगळेच आहेत ते. हा सतराचा लॉट, तो अठराचा. रंगाचं पातेलं बदललं की लॉट बदलतो. दिव्याखाली दोन्ही सारखे. उन्हात न्या, एक पानासारखा हिरवा आणि दुसरा शेवाळी."

"कुणी दोन्ही एकत्र जोडले तर?"

"हात तोडीन त्याचा."

"मग बाबा," सून म्हणाली, आणि यावेळी तिची जीभ अडखळली नाही, "तुम्ही कापडात शिवण का मिसळता?"

मास्तरांनी जोडलेल्या पट्ट्याची शिवण अंगठ्याने चाचपली.

"कापड किती, हा एक लॉट. शिवणी किती, हा दुसरा. तुम्ही दोन्ही मनातल्या मनात एकत्र करता आणि कागदावर एकच आकडा लिहिता. वाचणाऱ्याला कसं कळणार, त्यात कापड किती होतं आणि जोड किती?"

"जोड काय लिहायचा असतो होय? जोड असतोच. तो धरायचा असतो."

"मनात धरलेलं पेपर तपासणाऱ्याला दिसत नाही. तो खडू द्या इकडे." तिने टेबलाच्या कडेला लिहिलं: अर्धा एक्स अधिक एक तृतीयांश एक्स वजा श. "शिवणीचा श. एक्समध्ये एक्स मिळवायचा, श बाजूला ठेवायचा. पाच छेद सहा एक्स वजा एक श. हे तुमचं उत्तर, आणि ते खरं आहे. आता पुस्तकातल्या गणितात श आहे का?"

"नाही."

"का नाही?"

मास्तरांनी त्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ढिगातून आणखी दोन पट्टे काढले, साठचा आणि चाळीसचा, आणि ते टेबलावर नुसते कडेला कड लावून ठेवले. पितळी पट्टीवर शंभर.

"अजून शिवलेलंच नाही," ते सावकाश म्हणाले.

"अजून शिवलेलंच नाही," सून म्हणाली.

"अरे देवा," मावशी मशीनवरून म्हणाल्या. "एवढ्यासाठी हा माणूस दोनदा नापास झाला? मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मास्तर, आधी मांडा, मग शिवा!"

हसणं ओसरायच्या आत मालकीणबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. फोन तळहाताने झाकलेला. "मास्तर, तो सभागृहाचा मागचा हिरवा पडदा. कडा धरून रुंदी साडेचार पन्हे हवी. नवा तागा यायला महिना लागेल म्हणतात. आपल्याकडे आहे त्यात होईल का? मी फोन धरून ठेवलाय."

एरवी मास्तर म्हणाले असते, अर्धा दिवस द्या. मग सगळे तुकडे जमिनीवर पसरले असते, सरकवले असते, पुन्हा पसरले असते. आज त्यांनी खडू उचलला. लांबीला सगळे पट्टे पुरेसे होते, प्रश्न रुंदीचाच होता. सतराच्या लॉटमध्ये दोन अख्खे पन्हे होते. शिवाय एक पाऊण, एक दोन तृतीयांश, एक अर्धा आणि एक पाच षष्ठांश. ओठ हलले. त्यांनी लिहिलं: पावणेपाच एक्स. त्याच्यापुढे, थोडं थांबून, लिहिलं: वजा पाच श.

"आणि ते पलीकडचे? तेही हिरवेच आहेत," मालकीणबाई म्हणाल्या.

"ते वाय आहेत."

"काय आहेत?"

"अठराचा लॉट. ते यात यायचे नाहीत." मास्तरांनी आकड्यांखाली रेघ मारली. "साडेचारच्या वर पाव पन्हा आहे आपल्याकडे, तीस सेंटीमीटर. पाच शिवणी वीस खातील. पडदा होतो. दहा सेंटीमीटर उरतात."

मालकीणबाईंनी फोनवर हो म्हटलं. फोन ठेवून त्या टेबलापाशी आल्या आणि खडूची ओळ दोनदा वाचली. "हे मला कागदावर लिहून द्याल? असंच्या असं?"

"देतो की."

"हेच तर मी मागत होते," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण मास्तर, दाखला लागेलच. दुसरी शेड भागीदारीतली आहे, तिथे माझ्या एकटीचं चालत नाही. बाहेरच्या माणसाला मी एक तारखेपर्यंत थांबायला सांगितलंय. त्यापुढे नाही थांबवता येणार."

पडदा शुक्रवारी शिवून झाला. उरलेली पट्टी मावशींनी मोजली आणि मास्तरांच्या खांद्यावर टाकली. दहा सेंटीमीटर.

कळलं म्हणजे वळलं असं नव्हे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मास्तरांचा हात बेरजेच्या शेवटी सवयीने चार कमी करायला जायचाच. शेवटी सुनेने नियम घातला: गणित सुरू करायच्या आधी वर लिहायचं, 'शिवण नाही'. बायकोवर पहारा सोपवला. तिला गणितातलं काही कळत नव्हतं, पण वर दोन शब्द आहेत की नाहीत हे लांबूनही दिसायचं.

"अहो, शिवण!"

"लिहितोय, लिहितोय."

"कालही असंच म्हणालात आणि चार खाल्लेत."

आठवडाभरात चुका कमी झाल्या, मग थांबल्या. राहिला तो सातवा भाग. परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सुनेने शेवटचा प्रयत्न केला. लसावि म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या, तिने चौथ्यांदा सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली, पेन्सिल हातात घेतली, आणि एकशेवीसला सातने भागायला बसले. सतरा आले, वर एक उरला. ते त्या उरलेल्या एकाकडे असे बघत राहिले, जसं कुणी न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं.

"सातवा आला तर सोडून द्या, बाबा," सून थकून म्हणाली. "बाकीच्यावर पास व्हाल."

"व्हायला हवं," मास्तर म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, वाटाण्यांच्या टोपलीकडे बघत म्हणाले, "नाही झालो, तर दुसऱ्याच्या रेघेवर कापावं लागेल. अठ्ठावीस वर्षं सलग मी माझ्या रेघेवर कापतोय."

बायकोने टोपली बाजूला सारली. सुनेने वही पुढे ओढली. तिने वहीच्या पुढच्या पानावर स्वतःच्या हाताने वर लिहून ठेवलं, 'शिवण नाही', आणि वही त्यांच्या पिशवीत घातली.

परीक्षा शनिवारी सकाळी नऊला, एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाने मास्तरांच्या कानामागची पेन्सिल पाहिली आणि विचारलं, "बाकं दुरुस्त करायला आलात का? ते सोमवारी ठरलंय."

"बसायला आलोय," मास्तर म्हणाले आणि ओळखपत्र दाखवलं.

बाक लहान होता. गुडघे खालच्या फळीला टेकत होते. पुढे-मागे विशी-पंचविशीची माणसं. चौथा प्रश्न बीजगणिताचा होता. पहिल्या उपप्रश्नात पाच पदं: दोन तृतीयांश एक्स, अधिक पाव वाय, वजा एक षष्ठांश एक्स, अधिक अर्धा वाय, अधिक एक तृतीयांश एक्स.

मास्तरांनी आधी लॉट वेगळे केले. एक्स: ऐंशीतून वीस कापले, चाळीस ठेवले. शंभर. हात चार कमी करायला निघाला. त्यांनी तो जागीच थांबवला, कच्च्या कामाच्या पानावर वर दोन शब्द लिहिले, आणि पट्टे मनातल्या टेबलावर कडेला कड लावून ठेवले. पाच छेद सहा एक्स. वाय: तीस आणि साठ. पाऊण. त्यांनी उत्तर लिहिलं आणि खाली एक सरळ रेघ मारली.

दुसऱ्या उपप्रश्नात सातवा भाग होता. दोन छेद सात एक्स अधिक अर्धा एक्स.

ते तो ओलांडून पुढे गेले. पुढच्या दोन प्रश्नांपैकी एक जमला, एक अर्धा जमला. वर्गातलं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं. त्यांनी बोटांवर गुण मोजले. काठावर होतं. काठ इकडेही पडू शकत होता आणि तिकडेही. ते सातव्या भागाकडे परत आले.

एकशेवीसला सात. सतरा, वर एक. त्यांनी पेन्सिल ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी गॅलरीत चादर झटकत होतं. चादरीला कडेने झालर होती, आणि मास्तरांना कारखान्याच्या मागच्या कपाटातली झालरीची फीत आठवली. ती कधी एकशेवीसची येत नसे. कधी सहाची, कधी दहाची, कधी चौदाची. तिलाही पन्हाच म्हणत. फितीचा पन्हा.

एकशेवीस काही वरून ठरून आलेलं नव्हतं. ती कुठल्यातरी मागाची रुंदी होती. ज्या कापडाचे सात भाग सरळ पडत नाहीत, ते कापड या कामाला चुकीचं. दुसरं घ्यावं. सातही सरळ पडतील आणि दोनही, असं. सात? त्याचे दोन होत नाहीत. चौदा. चौदाच्या फितीचा सातवा भाग दोन. असे दोन, म्हणजे चार. अर्धी फीत सात. कडेला कड. अकरा.

अकरा छेद चौदा एक्स.

त्यांनी ते तपासून पाहिलं, उलटं, सुलटं. मग लगेच पुढचा भाग घेतला, तीन छेद सात वाय वजा एक तृतीयांश वाय. यावेळी विचार करावा लागला नाही. एकवीसची फीत काढली. नऊ, त्यातून सात कापले. दोन छेद एकवीस.

सून फाटकाशी उभी होती. शनिवारच्या सकाळच्या शाळेतून ती थेट आली होती, खांद्यावर वह्यांची पिशवी. तिने काही विचारायच्या आत मास्तर म्हणाले, "सातवा भाग आला होता."

तिचा चेहरा उतरला. "सोडलात ना पण? त्यावर वेळ नाही ना घालवलात?"

"नाही सोडला. पन्हा बदलला."

"म्हणजे?"

"चौदाचा घेतला. सातही सरळ पडतात, दोनही."

सून रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तिला ऐकू गेली नाही. "आणि तीन छेद सात, एक छेद तीन असं काही आलं असतं तर?"

"आलं होतं. एकवीस."

"बाबा," ती म्हणाली, "त्यालाच लसावि म्हणतात!"

मास्तरांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. "मग असं सांगायचं होतंस ना आधी! दहा दिवस आपली लसावि, लसावि करत बसलीस."

निकाल सव्वीस तारखेला लागला. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत होते, मास्तरांना त्रेचाळीस मिळाले. हे गुण कुणी चौकटीत लावण्याजोगे नव्हते, आणि घरात कुणी ते लावलेही नाहीत. बायकोने मात्र त्या दिवशी आल्यागेल्याला सांगायचं वाक्य बदललं. "एका घरात दोन मास्तर," ती म्हणू लागली, "आणि ऐकायचं कुणाचं, हा प्रश्न माझा." मालकीणबाईंनी दाखल्याची प्रत भागीदाराकडे पाठवली आणि बाहेरच्या माणसाला नकार कळवला. थोरल्या मास्तरांनी जाताना आपली लांब कात्री टेबलावर ठेवली. तिला दोन पिढ्यांची धार होती आणि तिला ते कुणाला हात लावू देत नसत.

एक तारखेला मास्तरांनी पहिला बेत लिहिला, दोन लॉटच्या दोन वेगळ्या पडद्यांचा. कागदाच्या डोक्यावर: एक्स म्हणजे सव्वीसच्या लॉटचा एक पन्हा, एकशेवीस सेंटीमीटर. वाय म्हणजे सत्ताविसाचा, त्याच रुंदीचा. श म्हणजे एक शिवण, चार सेंटीमीटर. त्याखाली सगळे तुकडे, मग बेरीज: सहा पूर्णांक पाच छेद बारा एक्स, तीन पूर्णांक एक छेद आठ वाय, वजा नऊ श. कागद दहाच्या गाडीने नव्या शेडमध्ये गेला.

साडेअकराला फोन वाजला. नव्या शेडमधली कापणारी, महिन्याभरापूर्वीच लागलेली.

"मास्तर, कागद मिळाला. एक्स कळला, वायही कळला. पण ते शेवटचं वजा नऊ श कशाला? मी सरळ एक्समधूनच कमी करून टाकते की. शेवटी कापड तेवढंच हातात येणार ना?"

पहिल्या मशीनवरून मावशींनी मान वर केली. मास्तरांनी स्टूल पायाने ओढलं आणि फोन खांदा नि कानाच्या मधे धरला, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले.

"तुझ्याजवळ दोन तुकडे आहेत का? कुठलेही घे. घेतलेस? आता टेबलावर कडेला कड लाव." ते थांबले. पलीकडे कापड सरकल्याचा आवाज आला. "लावलीस? थांब. शिवू नकोस अजून."